ज्याचा फोटो त्याच्या हातात

दिवसाचे नऊ-दहा तास संगणकापुढे काढणारी माणसं फिल्मच्या कॅमेऱ्याकडे का वळतात, याचं एक ठरलेलं उत्तर गेल्या काही वर्षांत तयार झालं आहे. पडद्याचा शीण आला म्हणून. रोलमध्ये छत्तीसच फोटो असतात, त्यामुळे माणूस विचार करून बटण दाबतो आणि मन थाऱ्यावर येतं म्हणून. हे उत्तर खोटं नाही. मीही त्यांच्यातलाच आहे. माझी रोजीरोटी पडद्यावर चालते आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात जुना कॅमेरा असतो. पण या उत्तराचा उरलेला अर्धा भाग आपण पाहायचं टाळतो, असं मला खालापूर तालुक्यात, कुंभिवलीच्या आसपास हिंडताना फार जाणवत आलं आहे. पडद्यापासून सुटका हवी असेल, तर ती कॅमेरा बदलून मिळत नाही. काढलेल्या फोटोचं पुढे काय होतं, यावर ती अवलंबून असते. मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे, पण त्यासाठी आधी दोन समजुती बाजूला कराव्या लागतील.

पहिली समजूत या जागेबद्दलची. कर्जत-खालापूरकडे शहर पाहतं ते ‘बाहेर’ म्हणून. शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटायचा, द्रुतगती मार्गाला लागायचं, नाहीतर खोपोलीची लोकल धरायची. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी ही स्टेशनं येऊ लागली की खिडकीबाहेर डोंगर आणि भातखाचरं दिसतात आणि आपण सुटलो असं वाटतं. शहराची ही सवय जुनी आहे. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली माथेरानच्या पठारावर चढला, तेव्हापासून मुंबई या डोंगरांत विसावा शोधते आहे. १९०७ साली नेरळहून वर छोटी गाडी गेली. आता शेतघरं आहेत, रिसॉर्ट आहेत, डोंगराच्या पायथ्याला ‘सेकंड होम’चे फलक आहेत.

पण जिथे शहर विसरायला यायचं, त्याच डोंगरांनी शहर चालवलं आहे. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं. लोणावळा, वळवण आणि शिरवत्याच्या तलावांत साठवलेलं पाणी नळांतून पाचशे मीटर खाली सोडायचं, त्यावर चक्रं फिरवायची आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, अशी ती योजना होती. कर्जतच्या बाजूला भिवपुरीचं वीजघर १९२२ साली आलं. भर उन्हाळ्यात पाताळगंगा नदीला जे पाणी दिसतं, ते मुळात घाटमाथ्यावरचं, पूर्वेला भीमेकडे निघालेलं पाणी. वीज करून झाल्यावर ते या खोऱ्यात सोडलं जातं. चौक गावाजवळचं मोरबे धरण नवी मुंबईची तहान भागवतं. मुंबईतल्या ज्या संगणकाला आपण कंटाळतो, त्याच्या विजेचा एक धागा याच डोंगरातून गेला आहे. हे खोरं संगणकाच्या जगाबाहेर कधीच नव्हतं.

गावातला माणूस तरी बाहेर आहे का? सातबारा ऑनलाइन निघतो. दाखल्यांसाठी सेवा केंद्रातल्या पडद्यासमोर रांग लागते. रेशन दुकानात अंगठा यंत्रावर टेकवावा लागतो, आणि राब भाजून, लावण्या करून, लाकडं वाहून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत त्यांना ते यंत्र पुष्कळदा ओळखत नाही. आपल्याला संगणक कामाच्या ढिगाच्या रूपात भेटतो. इथल्या म्हातारीला तो दारावरच्या पहारेकऱ्याच्या रूपात भेटतो. त्याच म्हातारीकडे ‘संगणकापूर्वीचं निवांत जग’ म्हणून कॅमेरा रोखायचा, हे मला अन्यायाचं वाटतं. पावसाळ्यात इथे येणारे कितीतरी छायाचित्रकार इरलं पांघरून लावणी करणारी बाई शोधत असतात. बाया आता प्लास्टिकचा कागद डोक्यावरून घेतात. तो हलका असतो आणि स्वस्तही. मग कागदवाल्या बाया चौकटीबाहेर राहतात आणि एखादं उरलेलं इरलं मात्र प्रत्येकाच्या रोलमध्ये जातं.

दुसरी समजूत खुद्द फिल्मबद्दलची. फिल्म म्हणजे काहीतरी सेंद्रिय, हाताचं, यंत्रपूर्व, अशी हळवी कल्पना हल्ली रूढ होते आहे. फिल्म हा विसाव्या शतकातल्या सगळ्यात गुंतागुंतीच्या औद्योगिक मालांपैकी एक आहे. प्लास्टिकच्या पट्टीवर हाडांपासून काढलेल्या जिलेटिनचे पातळ थर, त्यांत चांदीच्या क्षारांचे डोळ्यांना न दिसणारे स्फटिक, आणि हे सगळं काळोखात, मैलोगणती, एका जाडीचं. रोल धुण्याच्या रसायनात हायड्रोक्विनोन असतं आणि जुन्या पद्धतीत ते ॲनिलिनपासून करत. इथून जवळ, रसायनीला, १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सच्या कारखान्यात ॲनिलिन बनत असे. फिल्मचं कूळ शोधत गेलं तर आपण शेताच्या बांधावर पोचत नाही, पाताळगंगेकाठच्या धुराड्यांपाशी पोचतो.

शिवाय फिल्म ही मुळात संथपणासाठी जन्मलेली गोष्टच नव्हे. कोडॅकने १८८८ साली जो कॅमेरा बाजारात आणला त्यात शंभर फोटोंचा रोल भरलेला येई. रोल संपला की अख्खा कॅमेरा कंपनीकडे पाठवायचा. धुणं, छापणं, नवा रोल भरणं, सगळं कंपनी करणार. गिऱ्हाइकाने फक्त बटण दाबायचं. सोय हा फिल्मचा पहिल्या दिवसापासूनचा धंदा होता. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी कोडॅकचे केबी-१० कॅमेरे आले आणि तालुक्याच्या गावांत तासाभरात फोटो देणाऱ्या कलर लॅब उघडल्या, तेव्हा फिल्म हाती घेऊन कोणाला अंतर्मुख झाल्यासारखं वाटत नव्हतं.

आणि पडद्याच्या शिणाबद्दल बोलायचं तर दादासाहेब फाळक्यांना विसरून चालणार नाही. या खोऱ्याच्या अगदी वर, घाट चढला की, लोणावळ्याला त्यांनी छपाईचा उद्योग केला. मळवलीला राजा रविवर्म्याचा छापखाना होता, त्याच्या कामाशीही त्यांचा संबंध आला. १९११ साली गिरगावात ख्रिस्तावरचा मूकपट पाहिल्यावर त्यांना जो ध्यास लागला, त्यापायी ते दिवसचे दिवस चित्रपट पाहत राहिले, झोप सोडली, आणि त्या ताणाने त्यांची दृष्टी काही काळ गेली. उपचारांनी ती परत आली. पडद्याने डोळे गमावण्याची पाळी ज्या मराठी माणसांवर आली त्यांतले हे फार सुरुवातीचे, आणि तो पडदा फिल्मचाच होता. लंडनहून यंत्र घेऊन आल्यावर सावकाराची खात्री पटवायला त्यांनी जे केलं तेही मला कायम विचारात पाडतं. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला, आणि रोप वाढेल तसतशी एकेक चौकट टिपत साधारण महिन्याभराची वाढ काही क्षणांत दाखवली. म्हणजे ज्या फिल्मला आपण धीमेपणाचं साधन म्हणतो, तिने फाळक्यांच्या हाती अगदी सुरुवातीला काम केलं ते एका संथ गोष्टीला वेग देण्याचं. आणि तो वेग दाखवण्यासाठी मात्र फाळक्यांना महिनाभर थांबावं लागलं. या दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या आहेत.

तर जागा संगणकाबाहेरची नाही आणि फिल्म यंत्राबाहेरची नाही. मग रोल भरून फिरताना जो मोकळेपणा खरोखर मिळतो, तो कशाचा?

माझं उत्तर असं आहे. संगणकावरच्या कामात मला थकवतं ते पडद्याच्या उजेडापेक्षा जास्त दुसरंच काही. तिथे काहीच कायमचं घडत नाही. प्रत्येक कृती मागे घेता येते. वाक्य लिहिलं, पुसलं, कंट्रोल-झेड दाबून परत आणलं. फाइलच्या अकरा आवृत्त्या पडलेल्या असतात आणि अकरावी शेवटची आहे याची खात्री नसते. दिवस संपतो तेव्हा आपण काय केलं याला काही आकार नसतो, वजन नसतं. फिल्मवर शटर पडलं की पडलं. चांदीच्या स्फटिकांवर उजेडाचा परिणाम झाला, त्यांत न दिसणारी प्रतिमा उमटली, आणि ती मागे घेता येत नाही. जे केलं ते केलं. दिवसभर मागे घेता येणाऱ्या गोष्टी करणाऱ्या माणसाला एक मागे न घेता येणारी गोष्ट करायला मिळणं ही फार मोठी तृप्ती आहे. ती मिळवायला फोटो चांगला यावा लागतो असंही नाही.

दुसरं मिळतं ते हाताला, आणि त्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण लॅबकडे रोल टाकणाऱ्यांना हे अनुभवायला मिळत नाही. रोल धुण्याच्या टाकीत भरायचा तो पूर्ण काळोखात. लाल दिवाही चालत नाही. तो फक्त कागदाच्या छपाईला चालतो, कारण त्या कागदाला लाल उजेड कळत नाही, फिल्मला कळतो. म्हणून काळ्या दुहेरी कापडाची चेंजिंग बॅग घ्यायची, तिच्या बाह्यांतून दोन्ही हात आत घालायचे आणि न पाहता रोलचं टोक रिळाच्या खाचेत सरकवायचं. कुठे अडलं, कुठे दुमडलं, हे बोटांनी ओळखायचं. एप्रिल-मेमध्ये कर्जत-खालापूरची दुपार चाळिशीला टेकते, तेव्हा बॅगेत हात घामेजतात आणि प्लास्टिकच्या रिळात फिल्म चिकटून बसते. मग थांबायचं, हात न काढता थांबायचं, कारण हात काढले तर बाहीतून उजेड आत जाईल. त्या मिनिटांत डोळ्यांना काही काम नसतं. दिवसभर बोटं सपाट काचेवर आणि कळफलकावर फिरवणाऱ्या, सगळं फक्त डोळ्यांनी करणाऱ्या माणसाला ही उलटापालट औषधासारखी लागू पडते, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन.

मग पाणी. रोल धुण्याची पुस्तकी वेळ २० अंश सेल्सिअसची असते. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला येणारं पाणी तिशीच्या वर असतं. रसायन जितकं गरम तितकं काम भरभर होतं. २० अंशाला अकरा मिनिटं लागणारा रोल २४ अंशाला साधारण आठ मिनिटांत होतो आणि त्याहून गरम पाण्यात वेळ इतका आखूड होतो की फिल्मवर ढग उठतात. म्हणून बर्फ, म्हणून पहाटेचं काम. पावसाळ्यात उलट परीक्षा. दमट हवेत भिंगाच्या आत बुरशीची जाळी धरते, निगेटिव्हच्या जिलेटिनवरही धरते, काढलेला पण न धुतलेला रोल महिनोन्‌महिने तसाच राहिला तर त्यातली न दिसणारी प्रतिमा फिकी पडू लागते. डब्यात सिलिका जेल ठेवायचं, ते ओलं झालं की तापवून पुन्हा कोरडं करायचं, आणि रोल संपला की लवकर धुवायचा. कोकणात फिल्म वापरायची तर आळस चालत नाही. आणि एक सोय मात्र अशी आहे जी संगणकाला कधीच जमणार नाही. पावसात वीज गेली तरी रोल धुता येतो. टाकी हाताने उलटीसुलटी करायची, घड्याळ पाहायचं, पाणी ओतायचं. रात्री वीज गेलेल्या घरासारखी डार्करूम नाही.

फाळक्यांच्या घरी हे काम सरस्वतीबाई करत. फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं, रसायनं कालवणं, आणि शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. हात आणि काळोख यांचं हे काम मराठी घरात शतकाहून जुनं आहे, आणि ते करणाऱ्या त्या हातांना त्याचा विरंगुळा म्हणून विचारही शिवला नसणार.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. संयम हवा तर डिजिटल कॅमेऱ्यानेही पाळता येतो. मागचा पडदा झाकून टाका, दिवसाला छत्तीसच फोटो काढा. लायका कंपनीने तर २०१४ आणि २०१६ साली पडदाच नसलेले डिजिटल कॅमेरे काढले, आणि लोकांनी ते पुष्कळ पैसे मोजून घेतले. मग चांदी, रसायन, पाणी यांची नासाडी कशाला? या आक्षेपाला माझं उत्तर असं, की आपण घातलेला नियम आपणच मोडू शकतो, आणि मोडता येतो हे माहीत असणं यातच मनाचा अर्धा शीण आहे. फराळाने भरलेला डबा समोर ठेवून उपास करावा तसं ते होतं. फिल्मचा नियम वस्तूचा आहे. सदतिसावा फोटो नाही म्हणजे नाही. तरी आक्षेपातला नासाडीचा भाग मी मान्य करतो. वापरलेल्या हायपोत, म्हणजे फिल्मवरची प्रतिमा पक्की करणाऱ्या रसायनात, चांदी उतरलेली असते. ते मोरीत किंवा ओढ्यात ओतणं हा गुन्हा मानला पाहिजे. पाताळगंगेने आधीच पुष्कळ सोसलं आहे. ते साठवून चांदी काढून घेणाऱ्याकडे द्यावं. एक्स-रेवाल्यांचं हायपो पूर्वी असंच विकलं जाई.

खर्चाचंही स्पष्ट बोलायला हवं. उटकमंडला हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना होता. १९६० साली कंपनी स्थापन झाली, १९६७ पासून उत्पादन, ‘इंदू’ नावाचे काळे-पांढरे रोल तिथून देशभर जात. तो कारखाना आता बंद आहे आणि आपण वापरतो ते रोल परदेशातून येतात. रोल, धुणं आणि स्कॅन धरून हजार रुपयांच्या वर खर्च सहज होतो. महाराष्ट्रात रोजगार हमीची दिवसाची मजुरी २०२४-२५ साली २९७ रुपये होती. म्हणजे छत्तीस फोटोंना तीन-चार दिवसांची मजुरी. ज्या बांधावर उभं राहून आपण हा रोल संपवतो तिथे हा हिशोब विसरता येत नाही. मी रोल वापरणं सोडावं असा याचा अर्थ मी काढत नाही. पण इतक्या खर्चाने मिळालेली गोष्ट फक्त माझ्या मनःशांतीसाठी असावी का, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

आणि इथेच सुटकेची सगळी गोष्ट अडते. रोल लॅबला दिला जातो. लॅब तो धुते, स्कॅन करते, आणि दोन दिवसांनी मोबाइलवर एक दुवा येतो. दाबला की छत्तीस फोटो पडद्यावर. मग संगणकावर उतरवायचे, रंग थोडे सावरायचे, दोन-चार लोकांना दाखवायचे. निगेटिव्ह कित्येकदा लॅबमधून परतही आणल्या जात नाहीत. ज्या पडद्यापासून पळून शनिवारी खालापूरला आलो, त्याच पडद्यावर मंगळवारी तोच शनिवार बघत बसलो. मधल्या सगळ्या संयमाचा, चांदीचा, वाट पाहण्याचा शेवट फाइलमध्ये झाला. फिल्मने आपल्याला दोन दिवस उशिरा त्याच जागी आणून सोडलं.

त्याहून गंभीर गोष्ट फोटोतल्या माणसांची आहे. फोटो घ्यायचा आणि निघून जायचं, ही सवय मोबाइलने आणलेली नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली सुरू झाली. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या पहिल्या भारतीय छायाचित्रकारांपैकी. त्याच काळात मुंबईत विल्यम जॉन्सन लोकांचे फोटो घेत होता. १८६३ आणि १८६६ साली त्याचे मुंबईतल्या लोकांवरचे दोन खंड निघाले. त्यासाठी त्याने माणसांचे फोटो घेतले, त्यांच्या आकृती कापून दुसऱ्याच देखाव्यांवर बसवल्या आणि खाली मथळे दिले ते जातीजमातींचे. माणसाचं नाव नाही. पुढे १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून भारतातल्या लोकांचे आठ खंड प्रसिद्ध झाले, तेही याच वळणाचे. ज्यांचे चेहरे त्या खंडांत आहेत त्यांच्या हाती तो फोटो पडावा, अशी त्या सगळ्या व्यवहारात तरतूदच नव्हती. आज कोणी कातकरी वाडीवर जातो, चांगल्या भिंगातून सुंदर उजेडात एका म्हाताऱ्याचा फोटो घेतो, त्याला ‘खालापूर, २०२४’ असा मथळा देतो आणि निघून जातो, तेव्हा त्याचा हेतू जॉन्सनसारखा नसतो. वाडीवर मागे राहतं ते मात्र तेच: काही नाही.

तालुक्याच्या बाजारातला जुना स्टुडिओवाला असं करू शकत नव्हता. कर्जत, खोपोली, पाली, कुठल्याही बाजारपेठेत पहा: त्याचा धंदाच फोटो परत देण्याचा होता. गिऱ्हाईक समोर यायचं, स्टुलावर बसायचं, पाकिटावर नाव लिहिलं जायचं, परवा या. त्या पाकिटावरच्या नावात मला फोटोग्राफीची सगळी नीती दिसते. या स्टुडिओवाल्यांनी कलेचा दावा केला नाही. त्यांनी पंचक्रोशीतल्या घराघरांत भिंतीवर एकेक चेहरा पोचवला.

आज भिंतीवर काय आहे, तेही सांगतो. इथल्या वाड्यांवर आणि पाड्यांवर मी पुष्कळ घरांत हार घातलेला फोटो असा पाहिला आहे की चेहरा ताणलेला, डोळे किंचित फुटलेले, पाठीमागे कोरा पांढरा रंग. तो आधारचा नाहीतर मतदान ओळखपत्राचा फोटो असतो. माणूस गेल्यावर दहाव्याच्या आत फोटो हवा असतो, घरच्यांच्या मोबाइलमधला फुटलेला किंवा हरवलेला असतो, मग ओळखपत्र स्टुडिओत नेतात आणि तो नखाएवढा फोटो मोठा करून आणतात. आणि त्याच माणसाचे, शेतात उभे असलेले, बैल धरलेले, हसणारे, उत्तम उजेडातले फोटो मुंबई-पुण्याच्या कितीतरी हार्ड डिस्कवर पडून असतात. मला यापेक्षा लाजिरवाणी वाटणारी गोष्ट माझ्या छंदात दुसरी नाही.

फिल्म जास्त टिकते म्हणून प्रिंट द्यावी, असं मी म्हणत नाही. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म आगीत गेल्या. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची आज सगळी रिळंही उपलब्ध नाहीत. कोकणातल्या पावसात कागदही कुजतो. अमरत्व हा मुद्दा नाही. कागदाचा फोटो दुसऱ्याच्या घरात जाऊन राहतो, माझ्या ताब्यातून सुटतो, हा मुद्दा आहे. फाइल पाठवूनही ती माझ्याकडे उरतेच. हातातली प्रिंट दिली की माझ्याकडे ती नसते.

म्हणून मला वाटतं, की जो फिल्मवर माणसांचे फोटो घेतो त्याने रोलइतकाच खर्च कागदावर करावा. नाव विचारावं आणि लिहून घ्यावं. कोणत्या वाडीवर, कोणाच्या घराशेजारी, हेही लिहावं. काढून झाल्यावर लोक विचारतातच, “दादा, फोटो कधी देणार?” डिजिटल कॅमेऱ्यावर आपण तिथल्या तिथे मागचा पडदा दाखवतो आणि तो प्रश्न मिटवून टाकतो, बघितला ना, झालं. फिल्मवर दाखवायला काही नसतं. तारीख सांगावी लागते, आणि सांगितलेल्या तारखेला यावं लागतं. फिल्मचा मला समजलेला सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे, की ती माणसाकडे परत यायला लावते. पाऊस सुरू झाला की वाडीवरची वाट बंद होते, म्हणून मेच्या आत.

परत गेल्यावर जे घडतं त्याची तयारी मात्र ठेवावी. आपल्याला जो फोटो आवडला, वाऱ्याने पदर उडालेला, अर्धा चेहरा सावलीत, तो बहुतेक वेळा नापसंत होतो. काळा-पांढरा बघून म्हातारी म्हणते, हा तर मेलेल्या माणसाचा दिसतोय, रंगीत नाही का? पूर्ण उभा हवा, पायांसकट, समोर बघत, चांगली साडी नेसून. सून म्हणते, मागचा पत्रा कशाला आला, त्या नव्या घराच्या भिंतीपुढे काढा. प्रत्येक सूचनेमागे कारण असतं. हा फोटो एकदा भिंतीवर चढला की तिथेच राहणार आहे, आणि त्यात आपण कसे दिसावं हे ठरवण्याचा हक्क आपला आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तेव्हा पुन्हा उभं करावं, त्यांना हवा तसा काढावा, कॅमेऱ्यात काळा-पांढरा रोल असेल तर पुढच्या खेपेला रंगीत घालून यावं. माझ्या चौकटीच्या जाणिवेपेक्षा त्यांचं म्हणणं मला आता जास्त महत्त्वाचं वाटतं.

चौकटीचंही ते सांगतात. साध्या काचेच्या चौकटीत, मध्ये पुठ्ठ्याची पोकळी न ठेवता, फोटो दिला तर दोन पावसाळ्यांत जिलेटिन काचेला चिकटतं आणि काढताना चेहरा काचेबरोबर निघून येतो. जाणकार छायाचित्रकार लॅमिनेशनला नाकं मुरडतात. इथली माणसं मात्र लॅमिनेशनच मागतात, फळीवर ठोकलेलं, कडा बंद केलेलं, कारण आपल्या घरात पावसात कुठून ओल येते हे त्यांना माहीत आहे. खोपोलीच्या बाजारात ते करून मिळतं. करून द्यावं, आणि निगेटिव्ह जपून ठेवावी; एका घराला फोटो दिला की मुलीच्या सासरी दुसरी प्रत लागते.